काकोडकर, शशिकला

काकोडकर, शशिकला : (७ जानेवारी १९३५ – २८ ऑक्टोबर २०१६). गोवा, दमण व दीव या संघप्रदेशाच्या दुसऱ्या मुख्यमंत्री (१९७३–७९) आणि महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या (मगो) नेत्या. गोव्याच्या त्या पहिल्या महिला मुख्यमंत्री. त्यांच्यानंतर आजवर दुसरी स्त्री त्या खुर्चीवर बसलेली नाही. देशात त्यांच्याआधी सुचेता कृपलानी आणि नंदिनी सत्पथी या दोघीच मुख्यमंत्री झाल्या होत्या. लोक त्यांना ‘ताई’ म्हणत. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद तथा भाऊसाहेब बांदोडकर यांच्या त्या कन्या.

भाऊ आणि ताई ही जोडनावे गोव्यात एका दमात घेतली जातात. त्यामुळे ताईंची सगळी कारकीर्द भाऊंच्या पुण्याईच्या खात्यात जमा करण्याची सवय पडून गेली आहे. ती अन्यायाची आहे. खुर्ची त्यांच्याकडे वडिलांमागून आली, हे खरे. पण कूळ आणि मुंडकार यांना हक्क देणारे सर्वांत परिणामकारक कायदे त्यांच्याच काळातले आहेत.

भाऊसाहेब गरिबीतून वर येऊन खाणमालक झालेले, बहुजन समाजातले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि डिसेंबर १९६३ मध्ये पहिली निवडणूक झाली. तीत कुळांनी, मुंडकारांनी भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, धाकाला न जुमानता मगोला मते दिली आणि भाऊ मुख्यमंत्री झाले. पक्षाचे नावच सांगते त्याप्रमाणे गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, ही त्याची मूळ भूमिका. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात ती ३४,०२१ मतांनी हरली. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०, तर संघप्रदेश म्हणून वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. तरी त्याच वर्षी झालेल्या निवडणुकीत लोकांनी पुन्हा भाऊंनाच निवडले. महाराष्ट्रात जायचे नव्हते, पण राज्य मात्र भाऊंचे हवे होते, असे मानणारे मतदार गोव्यात नक्कीच होते.

ताईंचे महाविद्यालयीन शिक्षण धारवाडच्या कर्नाटक महाविद्यालयात आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात झाले; त्या एम.ए. होत्या. गुरुदत्त काकोडकर यांच्याशी विवाह झाल्यावर काकोडकर हे नाव आले. १९७२ मध्ये भाऊंच्या मंत्रिमंडळात त्या राज्यमंत्री झाल्या. पुढच्याच वर्षी, १२ ऑगस्ट १९७३ रोजी भाऊसाहेबांचे निधन झाले आणि सुतकातच पक्षाने ताईंच्या हाती राज्य सोपवले. तेव्हा त्या ३८ वर्षांच्या होत्या. मांडवीकाठच्या आदिलशहाच्या राजवाड्यात, म्हणजे पणजीच्या जुन्या सचिवालयात, त्या वेळी विधानसभा भरत असे. तिथे समोर जॅक सिक्वेरांसारखा मुरलेला विरोधक आणि पाठीशी वडिलांच्या वयाचे सहकारी, अशी त्यांची सुरुवात होती.

गोव्याबाहेरच्या वाचकासाठी इथे मुंडकार म्हणजे कोण हे सांगायला हवे, कारण ते कळल्याशिवाय ताईंचे काम कळत नाही. भाटकाराच्या भाटात, म्हणजे नारळीच्या बागायतीत, घर बांधून राहणारा तो मुंडकार. घर त्याने स्वतःच्या हातांनी उभे केलेले, भिंती मातीच्या. पण भिंतींखालची जमीन भाटकाराची. माडांची राखण करायची, पाडेली माडावर चढला की खाली पडलेले नारळ गोळा करून मोजून द्यायचे, भाटकाराच्या घरी लग्नकार्य असेल तेव्हा बोलावण्याची वाट न पाहता राबायला जायचे. मुलाचे लग्न झाले, एक खोली वाढवायची आहे, तर भाटकाराला विचारायचे. त्याने मान हलवली नाही तर नवरानवरी ओटीवर. आणि भाटकाराची मर्जी फिरली तर तीन पिढ्यांचे घर एका दिवसात सोडायचे.

१९७५ च्या मुंडकार कायद्याने ही भीती मोडली. मुंडकाराला घरातून हुसकावण्यास बंदी आली आणि घर व त्याभोवतीची जागा विकत घेण्याचा हक्क त्याला मिळाला. घराच्या बाहेरच्या भिंतींपासून पाच मीटरची पट्टी हा त्या जागेचा एक निकष. पाच मीटर म्हणजे किती? विहिरीकडे जाणारी वाट, तुळशीवृंदावन, परसातली मिरची-भेंडी आणि एखादा माड. ज्याच्या नावावर कधीच काही नव्हते त्याच्यासाठी ते राज्यच होते.

दुसरा कायदा कुळांचा. भाऊंच्या काळात, १९६४ मध्ये कूळ कायदा झाला होता. त्याने कुळाला संरक्षण दिले, पण मालकी दिली नाही. ताईंच्या सरकारने १९७६ मध्ये पाचवी दुरुस्ती आणली आणि ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व कायद्यात आले. २० एप्रिल १९७६ हा त्यातला ‘कृषक दिन’. त्या दिवशी शेत कसणारे कूळ त्या शेताचे खरेदीदार मानले गेले. बाप आणि लेक यांच्या कामातला फरक या दोन कायद्यांत नेमका दिसतो. एकाने कुळाला शेतात टिकवले, दुसरीने शेत त्याच्या नावावर करण्याची वाट काढली.

ती वाट मात्र लांबलचक निघाली. जमिनीच्या हक्कनोंदीच्या, म्हणजे एक-चौदाच्या, उताऱ्यावर कूळ म्हणून नाव आहे की नाही, मामलेदाराने किंमत ठरवली की नाही, सनद मिळाली की नाही, या फेऱ्यांत कित्येक घरांचे आजोबा गेले आणि नातवाने तारखा चालू ठेवल्या. २०१४ मध्ये हे दावे मामलेदारांकडून काढून दिवाणी न्यायालयांकडे नेणारी दुरुस्ती झाली, तेव्हा कुळे रस्त्यावर उतरली. कायदा करणाऱ्या सरकारने त्याच्या अंमलबजावणीची यंत्रणा तेवढ्याच जिद्दीने उभी करायला हवी होती, ही उणीव ताईंच्या पदरात घालावी लागते.

जून १९७७ च्या निवडणुकीत मगोला ३० पैकी १५ जागा मिळाल्या. ताई पुन्हा मुख्यमंत्री झाल्या, पण पायाखालची वाळू सरकू लागली होती. यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध पारंपरिक रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणारे मच्छीमार, उठले होते. विद्यार्थ्यांनी १९७८–७९ मध्ये बसभाड्यात ५० टक्के सवलतीसाठी आंदोलन छेडले. तेव्हा गोव्यात सगळी वाहतूक खासगी कारेरांची, म्हणजे बसगाड्यांची. सरकारी कदंब महामंडळ १९८० मधले. विद्यार्थ्यांनी सवलत मिळवली, आणि सरकारने मात्र एक आख्खी तरुण पिढी गमावली.

शेवटचा घाव घरातूनच बसला. एप्रिल १९७९ मध्ये, अर्थसंकल्पी अधिवेशन चालू असताना, शंकर लाड, दिलखुश देसाई आणि दयानंद नार्वेकर हे मगोचेच आमदार फुटले आणि सरकार कोसळले. भाऊंनाही १९७० मध्ये स्वपक्षाच्या सात आमदारांच्या बंडाला तोंड द्यावे लागले होते. त्यांनी विरोधी बाकांवरच्या काहींचा टेकू घेऊन खुर्ची राखली. ताईंना ते साधले नाही. २७ एप्रिलला राष्ट्रपती राजवट आली आणि मगोची पंधराएक वर्षांची सद्दी संपली. जानेवारी १९८० च्या निवडणुकीत पक्ष सात जागांवर आला आणि प्रतापसिंह राणे मुख्यमंत्री झाले.

त्यानंतर ताईंनी घेतलेला निर्णय त्यांच्या चाहत्यांना आजही पचत नाही. पक्षाच्या बहुतेक आमदारांसह त्या काँग्रेसमध्ये गेल्या. मगोचे निशाण रमाकांत खलप यांनी खाली पडू दिले नाही. काँग्रेसमध्ये ताईंचे मन रमले नाही. बाहेर पडून त्यांनी वडिलांच्या नावाने भाऊसाहेब बांदोडकर गोमंतक पक्ष काढला आणि कालांतराने त्या मगोत परतल्या.

१९८५–८७ च्या राजभाषेच्या वादात त्या मराठीच्या बाजूने पुढे होत्या. समोर होती ‘कोंकणी प्रजेचा आवाज’ ही कोंकणीवाद्यांची संघटना, जिचे अध्यक्ष पुंडलिक नायक. गोवा त्या दोन वर्षांत अक्षरशः पेटला. माणसे मेली, शेजारी शेजाऱ्याला दुरावला. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी संमत झालेल्या कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटक राज्य झाला.

१९९० च्या आघाडी सरकारात ताई शिक्षणमंत्री होत्या. ते सरकार वर्षभरही टिकले नाही, पण एक निर्णय मागे ठेवून गेले : सरकारी अनुदान मिळेल ते फक्त मराठी, कोंकणी अशा भारतीय भाषांतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांना. चर्चच्या अनेक इंग्रजी शाळांनी त्यानंतर कोंकणी माध्यम स्वीकारले. ज्या बाईंवर कोंकणीच्या शत्रू म्हणून शिक्का बसला होता, त्यांच्याच निर्णयाने हजारो मुले कोंकणीतून धुळाक्षरे गिरवू लागली.

२०११ मध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचे ठरवले. विरोधात भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला. पंचाहत्तरी ओलांडलेल्या ताई त्याच्या अध्यक्षस्थानी आल्या. व्यासपीठावर त्यांच्याबरोबर राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सुभाष वेलिंगकर होते, कोंकणीवादी उदय भेंब्रे होते आणि पुंडलिक नायकही होते. मराठी आणि कोंकणीवरून पाव शतकापूर्वी एकमेकांविरुद्ध उभी ठाकलेली माणसे आता गोव्याच्या पोरांनी पहिली अक्षरे आपल्या भाषेत शिकावीत म्हणून एका बाकावर बसली. २०१२ मध्ये सत्तांतर झाले, तरी इंग्रजी शाळांचे अनुदान चालूच राहिले आणि मंचाची लढाईही. ती संपण्याआधीच, २८ ऑक्टोबर २०१६ रोजी, पणजीत ताईंचे निधन झाले.