ओव्या गेल्या कुठे?

सकाळी सातला अंबाजोगाईहून गुरुजींचा फोन आला. "अहो, सगळ्या ओव्या गेल्या हो. साइट उघडली की नवीन खातं काढा म्हणतंय."

निवृत्तीनंतर गुरुजी गावोगाव फिरून म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतात. घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर त्यांनी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकलीय, त्यावर डॉकर, म्हणजे प्रोग्राम 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन, आणि डॉकरच्या कंटेनरमध्ये 'घोस्ट' हे लेख प्रसिद्ध करण्याचं मुक्त सॉफ्टवेअर. आदल्या रात्री घोस्टची नवी आवृत्ती घ्यायची म्हणून त्यांनी जुना कंटेनर काढून टाकला आणि नवा चालू केला. दोन वर्षांचं काम एका रात्रीत दिसेनासं झालं. मी लातूरहून मिळेल ती एसटी पकडली.

कंटेनर म्हणजे संगणकातला छोटा संगणक, असं बरेच जण मानतात. घोटाळा तिथूनच सुरू होतो. संगणकातला संगणक खरोखरच असतो, त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम स्वतंत्र असते, अगदी गाभ्यासकट, म्हणजे कर्नेलसकट. कंटेनरला स्वतःचं कर्नेल नसतं. गुरुजींच्या मशीनवर कर्नेल एकच आहे आणि घोस्ट हा त्यावर चालणारा एक प्रोग्राम, ब्राउझर असतो तसाच. फक्त आजूबाजूचं काय दिसू द्यायचं आणि काय नाही, हे कर्नेल त्याच्यापुरतं ठरवतं.

हे दिसणं कसं बदलतं ते गुरुजींना मी मतदार यादीवरून सांगितलं. घरातला थोरला मुलगा घरापुरता पहिला असतो, गावाच्या मतदार यादीत त्याचाच अनुक्रमांक आठशे-नऊशे काहीतरी असतो. माणूस एकच, मोजणारे दोन. घोस्टला कंटेनरच्या आतून विचारलं तर त्याचा प्रोसेस क्रमांक १. बाहेरून यादी काढली तेव्हा तोच प्रोग्राम ३९०२ क्रमांकावर होता. ह्या सोयीला नेमस्पेस म्हणतात. प्रोसेसची नेमस्पेस वेगळी, नेटवर्कची वेगळी, फाइलींच्या मांडणीची वेगळी. लिनक्समध्ये पहिली नेमस्पेस २००२ साली आली, ती फाइलींच्या मांडणीची. कोणी किती मेमरी आणि प्रोसेसर वापरायचा ह्याला लगाम घालणारे सीग्रुप २००८ साली कर्नेलमध्ये आले. डॉकर २०१३ सालचं. त्याने ही सगळी हत्यारं एका हाताला आणून दिली.

पण गुरुजींच्या ओव्यांचा खुलासा नेमस्पेसमध्ये नाही, फाइलींच्या थरांमध्ये आहे. मला ह्या सगळ्यात सर्वांत देखणी वाटणारी गोष्टही तीच.

शाळेत नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून नद्या गिरवल्या असतील, ते आठवा. खाली मराठवाड्याचा छापील नकाशा, वर पारदर्शक कागद. वरून पाहिलं तर गोदावरी, मांजरा आणि तुमच्या पेन्सिलीच्या खुणा असं एकच चित्र दिसतं, पण छापील नकाशावर रेघही उमटलेली नसते. ज्या तयार साच्यावरून कंटेनर उभा राहतो ती डॉकरची इमेज म्हणजे असे एकावर एक ठेवलेले छापील थर. एका थरात लिनक्सच्या मूळ फाइली, त्यावर घोस्टला चालायला लागणारा नोड हा प्रोग्राम, त्यावर घोस्ट. ह्यांच्यावर कोणालाही लिहिता येत नाही. कंटेनर सुरू झाला की सगळ्यांत वर एक कोरा कागद पडतो आणि कर्नेलमधली ओव्हरलेएफएस ही फाइलव्यवस्था सगळे थर मिळून एकच चित्र दाखवते.

आता खालच्या थरातली फाइल बदलायची झाली तर? अख्खी फाइल आधी वरच्या कागदावर उतरवली जाते आणि बदल त्या प्रतीत होतो. एक अक्षर बदलायला शंभर एमबीची फाइल असली तरी शंभर एमबी वर येतात. आणि फाइल पुसायची तर? खालचं पुसता येत नाही, म्हणून वरच्या कागदावर त्याच नावाची एक विशेष खूण ठेवली जाते, तिला व्हाइटआउट म्हणतात. खूण दिसली की कर्नेल खालची फाइल नाहीच असं धरून चालतं. फाइल मात्र तिथेच असते, जागाही अडवून असते. म्हणून कंटेनरच्या आत खालच्या थरातल्या फाइली कितीही पुसल्या तरी इमेज लहान होत नाही.

कंटेनर काढून टाकला की हा वरचा कागदच फाडला जातो.

मग ओव्या फाटल्या का? गुरुजींच्या घरी व्हॉल्यूमची यादी काढली तर तिथे एक सोडून दोन नावं, प्रत्येक चौसष्ट अक्षरांचं, वाचताही न येणारं. लेख, चित्रं आणि गुरुजींच्या मांडणीत डेटाबेसची फाइलही ज्या फोल्डरात असते, तो फोल्डर थरांच्या बाहेर, मशीनच्या डिस्कवर वेगळा ठेवायचा, असं घोस्टच्या इमेजमध्येच लिहिलेलं आहे. अशा जागेला व्हॉल्यूम म्हणतात. गुरुजींनी तिला नाव दिलं नव्हतं, म्हणून डॉकरने आपणच लांबलचक नाव दिलं. नव्या कंटेनरला जुन्या व्हॉल्यूमचा पत्ताच नव्हता, त्याला नवा, रिकामा व्हॉल्यूम मिळाला. ओव्या तशाच होत्या, त्यांच्याकडे जाणारी वाट तेवढी तुटली होती. जागा मोकळी करायला म्हणून इंटरनेटवर जी एक ओळीची आज्ञा सर्रास सांगतात, ती गुरुजींनी रात्री चालवली असती तर कोणत्याच कंटेनरला न जोडलेला, बेनावाचा तो व्हॉल्यूम कायमचा गेला असता.

मी पोचलो तेव्हा शेजारचे काका म्हणत होते, अमावस्येला मशीनला हात लावायलाच नको होता. अमावस्येचा आणि डिस्कवरच्या फाइलींचा काहीही संबंध नाही. फाइल कुठे लिहिली गेली ह्याला ठरलेलं कारण असतं आणि ते शोधलं की सापडतं. तिथीला दोष देऊन आम्ही गप्प बसलो असतो तर तो दुसरा व्हॉल्यूम कोणी पाहिलाच नसता. 'कंटेनरमध्ये टाकलं की सगळं सुरक्षित' ही जाहिरातीतली भाषाही मला तितकीच खटकते. कर्नेल सगळ्यांचं एकच, त्यात भोक पडलं तर सगळे कंटेनर उघडे पडू शकतात. बॅकअपचं काम तर कंटेनर करतच नाही.

नवा कंटेनर थांबवून काढला, जुना व्हॉल्यूम जोडून पुन्हा उभा केला. दोन मिनिटांत पहिली ओवी पडद्यावर आली. गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि खालपर्यंत सगळ्या ओव्या एकदा मोजून घेतल्या. मग व्हॉल्यूममधलं सगळं नाव दिलेल्या नव्या व्हॉल्यूममध्ये हलवलं. नाव रोमन लिपीतच द्यावं लागतं, तेवढी त्यांना रुखरुख लागली. लाइट जाऊन आली की कंटेनर आपोआप उठावा अशी सोय केली, आणि दर रविवारी पेनड्राइव्हवर प्रत घ्यायची असं ठरलं.

एक गोष्ट मात्र खरंच गेली. तारखांमध्ये महिन्यांची नावं मराठीत यावीत म्हणून गुरुजींनी कंटेनरच्या आत शिरून घोस्टच्या मूळ फाइलीतच बदल केला होता. ती फाइल व्हॉल्यूममधली नव्हती, वरच्या कागदावरची होती. संध्याकाळी ते पुन्हा जानेवारीपासून टाइप करायला बसले, ह्या वेळी फाइल बाहेरच्या फोल्डरात ठेवून.