ऊसतोडीला निघण्याआधी: रेशन, ओळखपत्र आणि मुलांच्या शाळेचे कागद

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, परभणी, पाथर्डी भागातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि बेळगावकडे निघतात. परततात ते मार्च-एप्रिलमध्ये, कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर. तोवर हे लोक कागदावर एका गावात असतात आणि प्रत्यक्षात दुसऱ्या. फडावरून तहसीलला चकरा मारणे जमत नाही, एका दिवसाचा खाडासुद्धा अंगावर येतो. म्हणून पुढची कामे गाडी भरण्याआधी गावातच उरकलेली बरी.

रेशन

सगळ्यात आधी हे बघा, कारण याचा उपयोग पहिल्याच महिन्यात होतो. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ या सोयीने गावाबाहेरच्या दुकानातही आपले रेशन उचलता येते, आणि त्यासाठी वेगळा अर्ज नाही. गावच्या कार्डातून नाव कमी करायचे नाही आणि नवे कार्डही काढायचे नाही. अट इतकीच, की कार्ड अन्नसुरक्षा कायद्याखालच्या प्राधान्य कुटुंब किंवा अंत्योदय गटात हवे. रंगावरून अंदाज बांधू नका. केशरी कार्डे काही प्राधान्य गटात असतात, काही नसतात. दुकानदाराला विचारून खात्री करा.

कामाच्या ठिकाणच्या कोणत्याही रास्त भाव दुकानात रेशनकार्डाचा बारा अंकी क्रमांक किंवा आधार क्रमांक सांगायचा आणि ई-पॉस मशीनवर अंगठा द्यायचा. प्राधान्य गटाला माणशी 5 किलो आणि अंत्योदयला कुटुंबामागे 35 किलो धान्य महिन्याला मिळते, तेही मोफत. म्हातारे आई-वडील गावी राहिले असतील तर वाटा विभागून उचलता येतो: काही इकडे, उरलेला तिकडे. मात्र एकाच ठिकाणी सगळा कोटा उचलला गेला, तर दुसरीकडच्यांना त्या महिन्यात काही मिळणार नाही. हे घरात आधीच ठरवून घ्या.

घोडे बहुतेक वेळा अंगठ्यावर अडते. पाचटाने आणि कोयत्याने बोटांच्या रेषा झिजतात, मशीन ठसा घेत नाही. आधार केंद्रावर जाऊन ठसे नव्याने द्या आणि चालू मोबाईल नंबर आधारला जोडून घ्या. कार्डावरच्या प्रत्येकाची ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) झाली आहे ना, तेही तपासा. ज्याची राहिली असेल त्याचे धान्य बंद होऊ शकते.

ऊसतोड कामगार ओळखपत्र

लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या योजनांसाठी ही नोंद लागते. सलग तीन वर्षे किंवा त्याहून जास्त ऊसतोड करणाऱ्यांची नोंदणी ग्रामसेवक करतात आणि ओळखपत्रही तेच देतात. जाताना आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक आणि फोटो जवळ ठेवा. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि उचल (कामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम) नवऱ्याच्या नावावर जाते. बाईही तेवढाच ऊस तोडते, तेव्हा तिचे ओळखपत्र वेगळे मागा. ते मागताना संकोचण्याचे काही कारण नाही.

ई-श्रम

असंघटित कामगारांची ही देशपातळीवरची नोंदणी 2021 पासून सुरू आहे. वय 16 पूर्ण हवे. पीएफ किंवा ईएसआयसी असलेले आणि आयकर भरणारे यात बसत नाहीत. आधार, बँक खाते आणि आधारशी जोडलेला मोबाईल असला की पोर्टलवर स्वतःच भरता येते, नाहीतर सीएससी (ऑनलाइन अर्ज भरून देणारे सेवा केंद्र) आहेच. नोंदणीला पैसे पडत नाहीत.

मुलांची शाळा

मूल सोबत येणार असेल तर मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी पत्रक घ्या. त्याने कितवीपर्यंत काय शिकले आहे, हे नव्या शाळेला त्यावरून कळते. पत्रक हरवले किंवा दाखला यायला उशीर झाला, तरी शिक्षण हक्क कायद्यानुसार त्या कारणाने आठवीपर्यंतचा प्रवेश नाकारता येत नाही. मूल गावीच ठेवायचे असेल तर हंगामी वसतिगृहाबद्दल शाळेत विचारा. तिथली नावे टोळी निघण्याआधीच ठरतात, उशीर केला तर जागा मिळेलच असे नाही.

हे सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत स्वतःजवळ ठेवा आणि मोबाईलमध्ये त्यांचे फोटो काढून घ्या. उचलीपोटी कोणी मूळ आधार किंवा रेशनकार्ड मागितले तर झेरॉक्स द्या, मूळ कार्ड देऊ नका. बाहेरगावच्या दुकानदाराने धान्य नाकारले तर 14445 वर आणि ई-श्रमबाबत अडचण आली तर 14434 वर फोन करा.