सोनोग्राफी: बॉयलरच्या कारखान्यापासून 'एफ फॉर्म'पर्यंत

गरोदर बाई सोनोग्राफीला गेली की पोटाला जेल लागण्याआधी तिच्यापुढे कागद येतो. नाव, वय, पत्ता, आधीची मुलं किती, त्यात मुलगे किती आणि मुली किती, कोणत्या डॉक्टरांनी पाठवलं, कशासाठी पाठवलं. आणि गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही अशा मजकुराखाली सही किंवा अंगठा. हा 'एफ फॉर्म'. हाताचा एक्स-रे काढताना असलं काही भरावं लागत नाही. शरीरात डोकावण्याच्या एका साध्या, सुरक्षित तपासणीभोवती कायद्याचं एवढं कडं का पडलं, हे समजायला थोडं मागं जावं लागतं.

शरीर न कापता आत बघण्याची सोय पहिल्यांदा झाली ती १८९५ मध्ये. जर्मनीतल्या वुर्झबर्गला विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि त्याच डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचं चित्र काढलं. हाडं आणि बोटातली अंगठी स्पष्ट, बाकी हात नुसती सावली. एक्स-रेचं बळ आणि दुबळेपण दोन्ही त्या चित्रात दिसतं. हाड किरण अडवतं म्हणून उठून दिसतं. यकृत, गर्भाशय, अंडाशय, स्नायू यांची छटा जवळपास सारखीच, त्यामुळे ते एकमेकांत मिसळून जातात. तरीही जुळं आहे का, मूल आडवं आहे का, हे बघायला गरोदर बायकांच्या पोटाचे एक्स-रे कित्येक वर्षं काढले जात होते, कारण दुसरा इलाजच नव्हता. १९५६ पासून ऑक्सफर्डच्या डॉ. अ‍ॅलिस स्टुअर्ट यांनी दाखवून द्यायला सुरुवात केली, की ज्या आयांचे गरोदरपणात पोटाचे एक्स-रे निघाले, त्यांच्या मुलांमध्ये कर्करोगाने दगावण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट आहे. वैद्यकविश्वाने ही गोष्ट मान्य करायला फार वेळ लावला. त्या उशिराची किंमत मुलांनी मोजली, असं म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

मधल्या काळात एक वेगळीच विद्या समुद्रावर आणि कारखान्यांत वाढत होती. १८८० मध्ये झाक आणि पिएर क्यूरी या भावांना आढळलं होतं, की काही स्फटिक दाबले की त्यांच्यावर वीज तयार होते. उलट वीज दिली की असे स्फटिक थरथरतात, म्हणजे तोच स्फटिक आवाज काढूही शकतो आणि ऐकूही शकतो. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ यांनी पाणबुड्यांचा माग काढायला क्वार्ट्झचा स्फटिक याच कामी लावला. पुढे धातूंच्या कारखान्यांनी हे तंत्र उचललं. जाड पोलादात आवाज सोडायचा. आत चीर असेल तर ठरलेल्या वेळेआधी प्रतिध्वनी येतो.

माणसाच्या शरीरावर हाच प्रयोग करून बघणारे पुष्कळ होते. ऑस्ट्रियात कार्ल दुसिक यांनी १९४२ च्या सुमारास डोक्यातून आवाज आरपार पाठवून मेंदूची चित्रं मिळवल्याचं मांडलं. पुढे लक्षात आलं, की त्या चित्रांत मेंदूपेक्षा कवटीच जास्त होती. अमेरिकेत डेनव्हरला डग्लस हाउरी यांनी बी-२९ बॉम्बर विमानाच्या बंदुकीचा फिरता सांगाडा वापरून यंत्र केलं. चित्र चांगलं यायचं, पण त्यासाठी माणसाला पाण्याच्या टाकीत बसावं लागे. आजारी माणसाला ते कसं झेपणार? स्वीडनमधल्या लुंड इथे हृदयरोगतज्ज्ञ इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुथ हर्ट्झ यांनी आधी माल्मोच्या जहाजबांधणी कारखान्यातलं यंत्र वापरून बघितलं, मग सीमेन्सकडून तसंच एक मागून आणलं. २९ ऑक्टोबर १९५३ ला त्यावर धडधडत्या हृदयाची पहिली नोंद झाली. आजच्या 'टू-डी इको'ची ती पूर्वज.

पण पोटाची सोनोग्राफी खऱ्या अर्थाने उभी राहिली ती ग्लासगोला. इयान डोनाल्ड तिथे १९५४ मध्ये प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले. युद्धात ते हवाई दलात होते, रडार आणि सोनार त्यांच्या परिचयाचे. जवळच्या रेनफ्र्यूला बॅबकॉक अँड विलकॉक्सचा बॉयलरचा कारखाना होता आणि तिथे वेल्डिंगचे जोड आवाजाने तपासत. कारखान्यातल्या एका अधिकाऱ्याची पत्नी डोनाल्ड यांची पेशंट. ओळख तिथून निघाली. २१ जुलै १९५५ ला डोनाल्ड गाड्यांच्या डिकीत ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी भरून कारखान्यात पोहोचले: गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या घट्ट गाठी आणि अंडाशयातले पाणीदार सिस्ट. तुलनेसाठी कारखान्याने मांसाचा मोठा तुकडा आणून ठेवला होता. पडद्यावर फरक लगेच दिसला. द्रव भरलेल्या गाठीतून आवाज सरळ जाऊन पलीकडच्या भिंतीवरून परत येत होता. घट्ट गाठीत तो वाटेतच ठिकठिकाणी विखुरत होता.

१९५६ मध्ये केल्व्हिन अँड ह्यूज कंपनीतल्या टॉम ब्राउन या विशीतल्या इंजिनियरच्या कानावर आलं, की एक प्राध्यापक धातूतल्या चिरा शोधायचं यंत्र माणसांवर वापरतोय. त्याने थेट डोनाल्डना फोन लावला. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा फोन. डोनाल्डकडे तोवर एक जुनं उसनं यंत्र होतं आणि भरपूर हट्ट होता. यंत्र रुग्णाच्या अंगावर चालेल असं घडवलं ते ब्राउनने.

थोड्याच दिवसांत खरी परीक्षा झाली. एका बाईचं पोट खूप फुगलं होतं, उलट्या होत होत्या, वजन उतरत होतं. बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेवरून जठराचा कर्करोग आणि त्यामुळे जलोदर असं निदान झालं होतं. म्हणजे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. जलोदरात पाणी सगळ्या पोटात पसरतं, आतडी त्यावर तरंगतात. यंत्र मात्र सांगत होतं, की हे एकाच पिशवीतलं पाणी आहे आणि पिशवीची मागची भिंत दूर खोलवर आहे. पोट उघडल्यावर अंडाशयाचा भलामोठा सिस्ट निघाला. तो काढला आणि बाई वाचली. ७ जून १९५८ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डोनाल्ड, जॉन मॅकव्हिकार आणि ब्राउन यांनी आपलं काम छापलं. त्यांच्या यंत्रात पेशंटला टाकीत बुडवायची गरज नव्हती; पोटाला ऑलिव्ह तेल चोळून त्यावरून प्रोब, म्हणजे आवाज सोडणारा आणि टिपणारा भाग, फिरवत.

त्या तेलाची जागा आता जेलने घेतली आहे, काम तेच. प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा पातळ थर जरी राहिला तरी जवळपास सगळा आवाज तिथूनच मागे फिरतो. भरपूर पाणी पिऊन या, लघवीला जाऊ नका, हे सांगण्यामागेही ग्लासगोच आहे. गच्च भरलेलं मूत्राशय वायूने भरलेली आतडी बाजूला सारतं आणि त्याच्या पाण्यातून मागचं गर्भाशय स्वच्छ दिसतं, हे डोनाल्ड यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं आणि अगदी कोवळा गर्भही दिसू लागला. मऊ अवयवांतून आवाज सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. दहा सेंटीमीटर खोलवरून परत यायला त्याला सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहून किंचित जास्त वेळ लागतो. यंत्र हा वेळ मोजतं, त्यावरून खोली काढतं आणि तिथे एक ठिपका मांडतं. असे असंख्य ठिपके सेकंदात पुन्हा पुन्हा मांडले, की हलतं चित्र दिसतं.

१९७२ मध्ये लंडनमध्ये स्टुअर्ट कॅम्पबेल यांनी सतराव्या आठवड्यातच गर्भाच्या कवटीतला गंभीर दोष ओळखून दाखवला. तेव्हापासून गर्भ हासुद्धा तपासता येणारा पेशंट झाला. यंत्रं लहान झाली, स्वस्त झाली. किरणोत्सर्ग नाही, सुई नाही, चिरा नाही, तपासणी संपल्यावर अंगावर किंवा अंगात कसलीही खूण राहत नाही. डोनाल्ड यांच्या यंत्राचा सगळ्यात मोठा गुण हा, आणि आपल्याकडे नेमका हाच गुण उलटला.

भारतात लिंगनिदान सुरू झालं ते गर्भजलाच्या तपासणीतून. त्यासाठी पोटात सुई घालून पाणी काढावं लागे, प्रयोगशाळा लागे. सोनोग्राफीने ते सगळं अनावश्यक केलं. मुंबईत १९८० च्या दशकात स्त्री संघटना, आरोग्य कार्यकर्ते आणि काही डॉक्टर यांनी याविरुद्ध मोहीम उघडली आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने प्रसूतिपूर्व निदानतंत्रांवर नियंत्रण आणणारा देशातला पहिला कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला, १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला आणि बराच काळ कागदावरच राहिला. २००० मध्ये मुंबईची 'सेहत', पुण्याची 'मासूम' या संस्था आणि कार्यकर्ते साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा कुठे यंत्रणा हलली. २००३ च्या दुरुस्तीने गर्भधारणेआधीची लिंगनिवडही कायद्याच्या कक्षेत आली. शब्दाने, खुणेने किंवा अन्य कोणत्याही प्रकारे गर्भाचं लिंग सांगणं हा गुन्हा आहे. पेढे मागणं किंवा जिलेबी मागणं हासुद्धा त्यातच येतो.

तरी आकडे घसरत राहिले. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ ला ९४६ मुली होत्या, २००१ ला ९१३ आणि २०११ ला ८९४. बीड जिल्ह्यात तर २०११ ला ८०७. कोल्हापुरात प्रशासनाने सोनोग्राफी यंत्रांना तपासण्यांची नोंद ठेवणारं 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचं उपकरण जोडायला लावलं. त्याविरुद्ध रेडिओलॉजिस्ट उच्च न्यायालयात गेले. २०११ मध्ये न्यायालयाने उपकरण वैध ठरवलं.

डॉक्टरांची तक्रार आजही आहे, की फॉर्ममधला एखादा रकाना मोकळा राहिला तरी गुन्हेगारासारखं वागवलं जातं, मशीन सील होतं. प्रामाणिक डॉक्टरला याचा त्रास होतो, हे खरंच आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महासंघाने हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयापुढे नेला. मे २०१९ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला आणि नोंदी न ठेवणं ही नुसती कारकुनी चूक मानायला नकार दिला. मला तो निर्णय योग्य वाटतो. चाकूचा व्रण राहतो, सुईचा डाग राहतो, एक्स-रेची फिल्म राहते. सोनोग्राफीच्या खोलीत पाच मिनिटांत काय बघितलं आणि कुणाला काय सांगितलं, याचा माग काढायचा तर तपासाला हाताशी असतो तो बहुतेक वेळा त्या बाईने सही केलेला कागद.