रुळांलगतचा खांब टपालाचा थैला गाडीत फेकत नसे

अमेरिकेत धावत्या गाडीने टपालाचा थैला उचलल्याची जुनी छायाचित्रे पाहून अनेकांची अशी समजूत होते की, रुळांलगतचा खांब स्वतःच थैला गाडीत फेकत असे आणि त्यासाठी गाडी अगदी मंद होत असे. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

तो खांब थैला फक्त धरून ठेवी. दोन आडव्या दांड्यांच्या मधे थैला उभा ताणून टांगलेला असे आणि मध्यभागी पट्ट्याने आवळल्यामुळे त्याला डमरूसारखा आकार येई. पकडण्याचे काम गाडीचे होते: टपालडब्यातला कारकून दाराला बसवलेला लोखंडी आकडा नेमक्या क्षणी बाहेर फिरवी, तो थैल्याच्या आवळलेल्या भागात अडके आणि थैला सुटताच रिकाम्या दांड्या मिटून रुळांपासून दूर होत. बहुधा दांड्यांची हीच हालचाल फेकण्याची वाटली असावी.

हा खांब उभारला जाई तो मुळी गाडी न थांबणाऱ्या लहान स्थानकांसाठी, म्हणून वेग कमी केला असता तर त्याचा हेतूच उरला नसता. रात्रीच्या काळोखात वळणे आणि पुलांवरचा बदलता आवाज यांवरून ठिकाण ओळखणारे, उतरवायचा थैला त्याच वेळी हाताने किंवा पायाने बाहेर ढकलणारे हे कारकून माझ्या मते या व्यवस्थेचा खरा कणा होते, आणि यंत्राच्या कौतुकात त्यांचाच विसर पडतो.

अमेरिकेतला शेवटचा फिरता टपालडबा 30 जून 1977 रोजी न्यूयॉर्क–वॉशिंग्टन मार्गावर बंद झाला.