गुडघ्याची 'नस' मालिशने जुळते का?

"गुडघ्याजवळची नस तुटली तरी चालता येत असेल तर ऑपरेशन नको, तेल लावून पट्टा बांधा, आपोआप जुळते" असा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय. गैरसमज होणं साहजिक आहे, कारण मुरगळलेला पाय बऱ्याचदा खरंच ऑपरेशनशिवाय बरा होतो.

पण ही नस नाहीच, टेंडन आहे, म्हणजे स्नायूची ओढ हाडापर्यंत नेणारा चिवट दोर. मांडीचा मोठा स्नायू वाटीला धरून असतो तो एका टेंडनने, आणि वाटी खाली नडगीच्या हाडाला दुसऱ्या. यातलं एखादं पूर्ण तुटलं की स्नायू आपलं टोक वर ओढून घेतो, मध्ये फट पडते, मग वरून कितीही चोळलं तरी दोन टोकं भेटणार कशी? पाय ताठ ठेवून लोक लंगडत चालतात, म्हणून चालण्यावरून काही कळत नाही.

घरी बघायचं तर पलंगावर पाय लांब करून झोपा आणि गुडघा न वाकवता टाच उचला. उचललीच जात नसेल, किंवा वाटीच्या लगेच वर-खाली बोट खड्ड्यात जात असेल, तर त्याच दिवशी ऑर्थोपेडिककडे जा. (नुसत्या दुखण्यानेही पाय उचलत नाही, आणि सुजेत खड्डा लपतो, म्हणून सोनोग्राफी किंवा एमआरआय.)

अर्धवट फाटलं असेल तर बऱ्याचदा ब्रेसवर (गुडघा ताठ धरून ठेवणारा आधार) भागतं, हे खरंय. पूर्ण तुटलं असेल तर वाटीच्या हाडात बारीक भोकं पाडून जाड दोऱ्याने टेंडन परत शिवतात, नंतर साधारण 6 आठवडे ब्रेस आणि काही महिने फिजिओ. हे पहिल्या 2-3 आठवड्यांत सोपं जातं, उशीर झाला की टेंडन आखडतं आणि मग दुसरीकडचं टेंडन आणून जोड द्यावा लागू शकतो.