पार्श्वभूमी : स्वमग्नतेचा रकाना

अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा १९९५ चा कायदा १९९६ च्या फेब्रुवारीत अमलात आला, तेव्हा त्यात अपंगत्वाचे सात प्रकार मोजलेले होते आणि स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, त्यांत नव्हती. ज्या मुलाला नीट दिसते, नीट ऐकू येते, जे जिने धावत चढते आणि दूरदर्शनवरची जाहिरात शब्दन्‌शब्द म्हणून दाखवते, पण तहान लागली तरी पाणी मागत नाही, त्याला या सातांपैकी कोणत्या रकान्यात बसवायचे, हा प्रश्न कायदा करणाऱ्यांना पडला नसला तरी त्याच्या आईबापांना रोज पडत होता. पालकांच्या चळवळीचा पुढचा बराचसा प्रवास या एका रकान्याभोवती झालेला आहे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९४३ साली अमेरिकेतल्या एका बालमनोविकारतज्ज्ञाने ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि पुढची दोनेक दशके या अवस्थेचे खापर आईच्या थंडपणावर फुटत राहिले. हा आरोप खोडून काढणाऱ्यांत १९६४ साली पुस्तक लिहिणारा एक मानसशास्त्रज्ञ होता आणि तो स्वतः अशाच एका मुलाचा बाप होता, हे मुद्दाम नोंदवायला हवे. लंडनमध्ये १९६२ साली पालकांनीच संस्था काढली, तर दिल्लीत १९९१ साली एका आईने पुढाकार घेतला. मुंबई-पुण्यातले पालकांचे गटही असेच वाढले, बहुधा थेरपीच्या खोलीबाहेरच्या बाकांवर बसून.

मराठीत मात्र अडचण शब्दापासूनच होती. केंद्राच्या कायद्याच्या हिंदी पाठाने ‘स्वपरायणता’ हा शब्द योजला, तर मराठीत ‘स्वमग्नता’ रुळला. ज्या ‘ऑटिझम’चे हे प्रतिशब्द आहेत, त्याच्या मुळाशी ‘स्वतः’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे, त्यामुळे भाषांतर म्हणून त्यांना नावे ठेवता येणार नाहीत. परंतु मराठी कानाला ‘मग्न’ हा शब्द आनंदाचा आणि स्वेच्छेचा वाटतो. माणूस गाण्यात मग्न असतो, वाचनात मग्न असतो, आणि हाक मारली की भानावर येतो. म्हणूनच ‘तो आपल्याच नादात असतो, शाळेत घातला की सुटेल’ असे घरातली वडीलधारी माणसे सांगत आणि त्या सांगण्यात मुलाची दोन-तीन मोलाची वर्षे निघून जात. इतके असूनही पालकांनी हा शब्द धरून ठेवला, कारण दुसरा पर्याय ‘मतिमंद’ हा होता. आज अनेक पालक सरळ ‘ऑटिझम’ आणि ‘ऑटिस्टिक’ म्हणतात. तो इंग्रजीचा सोस नसून त्या शब्दाला मराठीत आधीचा कोणताही अर्थ चिकटलेला नाही, एवढाच त्याचा फायदा आहे.

१९९९ च्या कायद्याने स्वमग्नतेला प्रथमच नावानिशी जागा दिली. सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासह स्वमग्नतेसाठी एक राष्ट्रीय न्यास स्थापन झाला आणि १८ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला कायदेशीर पालक नेमून देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे आला. ‘आमच्यामागे याचे कोण?’ या प्रश्नाला मिळालेले हे पहिले सरकारी उत्तर होते. तरीही सवलतींचे प्रमाणपत्र १९९५ च्या यादीनुसारच निघत असल्याने मुलाला ‘मतिमंद’ किंवा ‘मानसिक आजार’ या रकान्यातून जावे लागे. बुद्ध्यंक चांगला असलेल्या मुलाला पहिला रकाना मिळत नसे आणि दुसरा घ्यायला आईबाप धजत नसत. जे घेत, त्यांच्यावर नातेवाइकांनी ठेवलेला ठपका अन्यायाचा होता, असेच प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर होऊन १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने सातांचे २१ प्रकार केले आणि स्वमग्नता त्यांत आली. रकाना मिळाला, पण त्याबरोबर सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाची अटही लागू झाली. स्वमग्नता मोजण्यासाठी भारतात तयार झालेल्या चाचणीत ४० बाबी आहेत आणि प्रत्येक बाबीला १ ते ५ गुण आहेत. एकूण ७० गुण झाले की ४० टक्के अपंगत्व धरले जाते. नजरेला नजर देत नाही, हाकेला ओ देत नाही, तेच तेच शब्द पुन्हा म्हणतो, अशी एकेक बाब टेबलापलीकडून विचारली जाते आणि आई फाइल मांडीवर घेऊन ‘कधी कधी’ की ‘बहुतेक वेळा’ हे ठरवत राहते. मूल अलीकडेच नजर द्यायला शिकलेले असते आणि ते सांगण्याची तिला इच्छाही असते, पण सांगितले तर गुण कमी होतात. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मुलाला काय येत नाही हे पटवून देणारी तीच आई जूनमध्ये शाळेच्या कार्यालयात त्याला काय काय येते हे पटवून देत असते, आणि दोन्ही ठिकाणी ती खरेच बोलत असते. व्यवस्था तिला एकाच मुलाची दोन वर्णने करायला लावते, ही या कायद्यातली न सुटलेली गाठ आहे.

शाळेच्या बाबतीत कायदे स्पष्ट आहेत. ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण, हा किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या मुलाचा हक्क आहे. शिक्षणहक्क कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याची मुभाही दिली, पण काही शाळांनी त्या मुभेचा सोयीस्कर सल्ला केला, अशी पालकांची तक्रार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष शिक्षकांची पदे निर्माण करण्याचा आदेश देताना प्राथमिक वर्गात अशा १० मुलांमागे आणि वरच्या वर्गांत १५ मुलांमागे एक शिक्षक, हे प्रमाण घालून दिले. तोवर शॅडो टीचरचा, म्हणजे वर्गात मुलाशेजारी बसून त्याला मदत करणाऱ्या शिक्षकाचा, पगार अनेक घरांत आईबापच भरत आले होते.

गेल्या काही वर्षांत ‘जनजागृती’च्या जागी ‘स्वीकार’ हा शब्द येऊ लागला आहे आणि त्याचा आग्रह प्रथम पालकांनी नव्हे, तर मोठ्या झालेल्या ऑटिस्टिक व्यक्तींनी धरला. मुलाचे हात फडफडवणे थांबवण्यावर वर्षानुवर्षे पैसे खर्च केलेल्या पालकांना तो सहज पचला नाही. सज्ञान व्यक्तीच्या कायदेशीर पालकत्वाच्या प्रश्नावर तर मतभेद उघड आहेत. १९९९ च्या कायद्यानुसार नेमलेला पालक सर्वसाधारणपणे सगळेच निर्णय घेतो, तर २०१६ चा कायदा त्या व्यक्तीच्या इच्छेचा विचार करून, विशिष्ट निर्णयापुरते आणि विशिष्ट काळापुरते मर्यादित पालकत्व मांडतो. दोन्ही कायदे आज एकाच वेळी लागू आहेत. पालक नेमताना समितीने दोन गोष्टी पाहाव्यात, असे १९९९ च्या कायद्यातही लिहिलेले आहे. या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, ही पहिली आणि ती कोणत्या कामांसाठी आहे, ही दुसरी. हा दुसरा प्रश्न अर्ज भरतानाच विचारला जावा, अशी मागणी आता काही पालक स्वतःच करू लागले आहेत.