जुन्या दफनभूमीतली नोंद शोधायचीय? अर्ज कुठं करायचा, कोण करू शकतं, कागदं काय लागतात

मागच्या वर्षी आम्ही पप्पांच्या आजीची दफन नोंद शोधली, जालन्यातली, आणि तेव्हापासून ओळखीतले लोक सारखे विचारतात की कुठं जायचं, काय काय न्यायचं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. हे फक्त ख्रिस्ती घरांसाठी नाही हं, कब्रस्तान असो की लातूर-धाराशिवकडची लिंगायत दफनभूमी, मार्ग बराचसा सारखाच आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट. कबर कुठंय ते नंतर, माणूस वारला त्या साली तिथं कारभार कुणाचा होता ते आधी काढा, कारण नोंद त्याच्याकडंच गेलेली असते. आम्ही हे केलं नाही आणि दोन महिने एका ऑफिसात चकरा मारल्या, दरवेळी "पुढच्या आठवड्यात या", आणि शेवटी कळलं की त्या सालाचं रजिस्टर तिथं कधी नव्हतंच.

छत्रपती संभाजीनगरचंच बघा ना. महानगरपालिका झाली १९८२ ला, त्याआधी नगरपालिका, आणि छावणी तर पूर्ण वेगळी, छावणीत वारलेल्या माणसाची नोंद कॅन्टोन्मेंट बोर्डाकडं, मनपाच्या वॉर्ड ऑफिसात कितीही शोधा सापडणार नाही. खेड्यात वारला असेल तर ग्रामपंचायत, आणि जुनं असेल तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममधलं गाव नमुना १४, तेच जन्ममृत्यूचं रजिस्टर जे २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी सगळीकडं उघडलं गेलं, त्यामुळं आता बऱ्याच तहसीलवाल्यांना ते कुठल्या कपाटात आहे हे तरी माहितीय.

अर्ज कोण करू शकतं? जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९, कलम १७, त्याप्रमाणं कुणीही शोध घ्यायला लावू शकतं आणि मृत्यूचा दाखला मागू शकतं. फक्त त्या दाखल्यावर मृत्यूचं कारण देत नाहीत, तेवढं कायद्यातच बंद केलंय. कागदं फार नाहीत, साधा अर्ज, आधार, तुमचं नातं काय ते, मयताचं नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, मृत्यूचं ठिकाण आणि अंदाजे साल. शोध फी सालाप्रमाणं लागते, म्हणून "१९५० ते १९८०" असं ढोबळ लिहू नका, आधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा की अमक्याच्या लग्नाआधी वारली का नंतर, बहात्तरच्या दुष्काळात होती का, असं करत करत तीन-चार सालांवर आणा. नोंद नाहीच मिळाली तर तोंडी "नाही" ऐकून परत येऊ नका, अनुपलब्धतेचं प्रमाणपत्र लेखी मागा, पुढं त्याच्यावरच सगळं चालतं.

दबावच आणायची वेळ आली तर माहिती अधिकार. जोडपत्र अ, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. मनपा, तहसील, वक्फ बोर्ड सगळ्यांना चालतं (वक्फ बोर्डाचं मुख्य ऑफिस संभाजीनगरात पाणचक्कीलाच आहे). छावणी केंद्राच्या हाताखाली येते म्हणून तिथं १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावा.

चर्चचं मात्र वेगळं. तिथं माहिती अधिकार नाही, तिथं विनंती. पाळकसाहेबांच्या किंवा फादरच्या नावानं अर्ज, ओळखपत्र, नातं दाखवणारा एखादा कागद, आणि शांतपणे वाट बघणं. इथंही कारभार बदललेला असतो, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० ला झालं त्यात बऱ्याच जुन्या मंडळ्या आल्या, औरंगाबादचा कॅथलिक धर्मप्रांत १९७७ ला अमरावतीतून वेगळा झाला, म्हणून रजिस्टर चर्चमध्ये नसेल तर धर्मप्रांताच्या ऑफिसला विचारा. आम्हाला जे रजिस्टर दाखवलं ते दोऱ्यानं शिवलेलं, कडा वाळवीनं खाल्लेल्या, निळी शाई फिकट तपकिरी झालेली, आणि रकाने होते मृत्यूची तारीख, दफनाची तारीख, नाव, वय, धंदा, विधी कुणी केला त्याची सही. आम्ही घरातलं नाव शोधत बसलो होतो आणि ते कुठंच नव्हतं. मग आत्या म्हणाली अगं बाप्तिस्म्याचं नाव बघा, आणि चौथ्या पानावर सापडली आजी, धंद्याच्या रकान्यात "दाई". घरात कुणालाच माहीत नव्हतं की ती दाई होती. पप्पा त्या एका शब्दावर बोट ठेवून बराच वेळ बसले.

तेव्हा घरचं, बाप्तिस्म्याचं, माहेरचं, सगळी नावं अर्जात लिहाच.

मराठवाड्यातलं आणि १७ सप्टेंबर १९४८ च्या आधीचं असेल तर निजामाचं राज्य, म्हणजे उर्दू आणि फसली साल. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतं, पण वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, म्हणून जानेवारी किंवा त्यापुढचा महिना असेल तर ५९१ मिळवायचे. १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते सप्टेंबर १९४८. उर्दू येत नसेल तरी वल्द म्हणजे बापाचं नाव, जौजे म्हणजे नवऱ्याचं, साकिन म्हणजे राहणार, आणि वफात म्हणजे मृत्यू, एवढे शब्द कुणाकडून तरी ओळखायला शिकून जा, निम्मं काम होतं. जुन्या सरकारी कागदांसाठी संभाजीनगर शहरातच पुराभिलेख विभागाचं ऑफिस आहे, आणि निजाम सरकारचे मूळ दप्तर हैदराबादला तेलंगणा राज्य अभिलेखागारात.

इंग्रज फौजेशी संबंध असेल तर अजून एक वाट आहे. जालना, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, इथं हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या निजामाच्या फौजेच्या, छावण्या होत्या, तिथल्या पाद्र्यांच्या दफन नोंदींच्या नकला इलाख्याला जायच्या आणि तिथून लंडनला, त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. बऱ्याच नोंदींची सूची फॅमिलीसर्च या वेबसाइटवर फुकट बघता येते. गावाचं जुनं इंग्रजी स्पेलिंग टाकून बघायचं, आजचं टाकलं तर काही येत नाही.

दगडही वाचा. अजिंठा गावात पारोची कबर आहे, लेणीची चित्रं काढणाऱ्या रॉबर्ट गिलची ती प्रेयसी, त्यानं दगडावर १८५६ साल कोरून ठेवलं म्हणून आज आपल्याला ती कधी गेली ते कळतं. खडू, चुना, ॲसिड काही लावू नका प्लीज, दगड कायमचा जातो. नुसतं पाणी शिंपडा आणि संध्याकाळी ऊन तिरपं पडलं की फोटो काढा, अक्षरं आपोआप उठून दिसतात.

मृत्यूची सरकारी नोंद मुळात झालीच नसेल आणि वारसासाठी दाखला हवाय, तर उशिराची नोंदणी, त्याच जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचं कलम १३. एक वर्षाच्या वर गेलं की पूर्वी कोर्टात जावं लागायचं, ऑक्टोबर २०२३ पासून जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी नेमलेले कार्यकारी दंडाधिकारी आदेश देतात. त्याला अनुपलब्धतेचं प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र आणि दफनाचा पुरावा लागतो, म्हणजे चर्चचा सही-शिक्क्याचा उतारा किंवा कब्रस्तान कमिटीचं पत्र. तपासणी आता कडक आहे, नावात एका अक्षराचा फरक असला तरी प्रतिज्ञापत्रात लिहून टाका.

दाखला हातात आला की एक झेरॉक्स दफनभूमीच्या रखवालदाराकडं द्या, कबरीची रांग आणि नंबर मागच्या बाजूला लिहून. आमच्या आजीची आहे तिथं, तिसरी रांग, लिंबाच्या झाडापासून पाचवी.